गतिनाथ महाराजांचा नववा अवतार

कमलनगरच्या बसस्टँडसमोर त्या सकाळी एवढी गर्दी उसळली होती की भालकीची बस आत शिरेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी स्वतःच खाली उतरून टाचा उंचावून बघू लागला. मांडव पडला होता. कर्णा लागला होता. चौरंगावर लाल वस्त्र अंथरले होते आणि त्या वस्त्रावर, झेंडूच्या हारांत गळ्यापर्यंत बुडालेला, एक कॉम्प्युटर विराजमान होता! पडद्याला कुंकू, कळफलकावर अक्षता, माउसच्या शेपटीला लिंबू-मिरची.

त्याच्या शेजारी गतिनाथ महाराज उभे होते. भगवी कफनी, तेल लावलेली दाढी आणि दोन्ही कानांत बिनतारी इयरफोन. ते म्हणे देवाचा आवाज ऐकायला होते.

"भक्तहो!" महाराज गरजले. "सात नंबर कसा होता?"

"सत्ययुग!" गर्दी ओरडली. महाराजांच्या तीन दिवसांच्या मुक्कामात तिला सगळे पाठ झाले होते.

"आठ नंबर?"

"कलियुग!"

"आठनंतर काय आलं?"

"दहा!"

"मग नऊ कुठं गेला?"

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम दर काही वर्षांनी नव्या नंबराने येते, आणि आठनंतर एकदम दहाच आली, हे ऑनलाइन सेंटरांवर दाखल्यांसाठी ताटकळणाऱ्या गावाला एव्हाना ठाऊक होते. नऊ मात्र कुणी पाहिली नव्हती. पाहिली नाही म्हणून कुणाचे अडलेही नव्हते. पण आता विचारलेच म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

"नववा अवतार गुप्त आहे!" महाराजांनी डोळे मिटले. "कंपनीला त्याचं तेज सोसलं नाही. माझ्या गुरूंनी हिमालयात बारा वर्षं बसून तो डाउनलोड केला!"

"हिमालयात रेंज असते व्हय?" पुढे बसलेल्या गुरुबाईने विचारले. म्हातारीचे पेन्शनचे काम महिनाभर अडले होते, त्यामुळे तिला रेंजमधले बरेच कळू लागले होते.

"माते, तिथं रेंज नव्हे, तेज असतं!" महाराज म्हणाले, आणि गर्दीने टाळ्या पिटल्या.

मांडवाच्या खांबाला टेकून उभी असलेली सुधारानी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. कारण चौरंगाच्या दुसऱ्या बाजूला, जमिनीवर, आरोपीसारखा उभा केलेला कॉम्प्युटर तिचा होता. तिच्या 'सुधा ऑनलाइन'चा. लग्नाआधी शिकवण्या घेऊन तिने तो स्वतःच्या कमाईने घेतला होता, आणि गेली सात वर्षे त्याच्यावर शेताच्या पहाणीचे, म्हणजे सातबाऱ्याचे, उतारे, जातीचे दाखले, पोरींचे परीक्षेचे फॉर्म ती काढत आली होती. आज पहाटे तो तिच्या दुकानातून उचलून आणला होता तो दुसऱ्या कुणी नाही, तिच्या सासऱ्यांनी. शंकरप्पांनी.

शंकरप्पा म्हणजे चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवलेला माणूस. त्यांच्या हातातला कापड मोजायचा लोखंडी गज सगळ्या तालुक्यात खात्रीचा. आता ते दुकान थोरल्या मुलाकडे सोपवून मोकळे झाले होते, आणि मोकळ्या माणसाला महाराज फार लवकर सापडतात.

"आता परीक्षा!" महाराज म्हणाले. "इकडं नववा अवतार. तिकडं ह्या माउलीचं मशीन. दोन्ही बंद आहेत. बघा, पडदे काळे! एकदम बटण दाबू. मोजा!"

गर्दी मोजू लागली. अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. "एक! ओंदु! दोन! एरडु!" चारावर आकडा आला नाही तोच नवव्या अवताराचा पडदा उजळला. भगवे चित्र, मध्ये ओंकार, आणि सगळे काम सुरू! जीप चालवणारा नागनाथ तर उडी मारून स्वतःच्याच जीपच्या टपावर चढला.

सुधारानीचे मशीन घरघरत होते. तीस. साठ. नव्वद. कन्नड मोजणाऱ्यांना धाप लागली, मराठीवाले पाण्याला गेले. दीडशेला एकदाचे ते उघडले, तेही लाजत लाजत.

"पाहिलंत?" महाराजांनी तिच्या मशीनकडे बोट रोखले. "ह्याच्यात दहाव्याचं जडत्व शिरलंय. हे घरात ठेवाल तर घरातली कामंही अशीच रखडतील. आज संध्याकाळी गोदावरीत विसर्जन! टेम्पो तयार आहे."

टेम्पो खरोखरच तयार होता. गावातले आठ कॉम्प्युटर कपाळाला भस्म लावून आत ओळीने बसले होते.

शंकरप्पा सुनेजवळ आले. "सुधा, मन खट्टू करून घेऊ नको. म्हाराज तुझ्या दुकानात नववा बसवायलेत. फुकट."

"आन् मी काय करू मामा?"

"तू भाईर बसून नंबराच्या चिठ्ठ्या दे की. आत म्हाराजांचा शिष्य बसंल. बाकीच्यांचा हात लागला तर त्येज जातंय म्हणं."

सात वर्षे ज्या खुर्चीत बसून सुधारानीने गावाची कामे केली, त्या खुर्चीत उद्या कुणीतरी इयरफोनवाला बसणार आणि ती दारात चिठ्ठ्या फाडणार! तिला रडू यायच्या आधी राग आला, ते बरे झाले.

रागाने तिने त्या हारातल्या कॉम्प्युटरकडे पाहिले. महाराजांनी तो पुन्हा 'बंद' केला होता. पडदा काळा. पण खाली, फुलांच्या आड, त्याच्या डब्यावर एक बारीक दिवा हळूहळू उजळत होता आणि विझत होता. उजळत होता आणि विझत होता.

"मामा, त्यो दिवा कशाचा?"

"ती अखंड ज्योत!" शंकरप्पांनी हात जोडले. "ती इझू द्यायची न्हाई. म्हणून तर रात्रंदिस इन्व्हर्टर लावलाय. आमी पाळीपाळीनं जागायलोत. काल माझी पाळी होती."

सुधारानी सासऱ्यांच्या तारवटलेल्या डोळ्यांकडे बघतच राहिली. सत्तरीतला हा माणूस रात्रभर कॉम्प्युटरचा दिवा राखत बसला होता! आणि तो दिवा कशाचा हे तिला आता स्वच्छ कळले होते. तिला हसू फुटले. इतके की पदर तोंडाला लावावा लागला.

"हसायलीस कामून?"

"सांगते. पर आधी मला एक सांगा, मामा. दुकानात तुमी दोन गिऱ्हाइकांना दोन गज लावले कधी?"

शंकरप्पांचा चेहरा कठोर झाला. असा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर काढले असते. "जलमात न्हाई! एक गज, समद्यांला सारखा. ताणून मोजायचं न्हाई, सैल सोडून मोजायचं न्हाई."

"मग हितं दोन गज लागायलेत. तुमच्या डोळ्यांदेखत."

ती तडक चौरंगापाशी गेली. "म्हाराज, पुन्यांदा शर्यत लावू. पर दोन्ही मशीनचे प्लग आधी काढायचे, आन् मग लावून चालू करायचे."

महाराजांची दाढी हलली. "माउली! ज्योत विझेल! गावावर कोप होईल!"

"माझ्या मशीनचा प्लग तर आज पहाटं मामांनीच उपटून आणला. त्याचा कुनावर कोप झाला न्हाई."

गर्दीत कुणीतरी खुसखुसले. महाराज कर्ण्यात ओरडले, "स्त्रियांनी ज्योतीला हात लावू नये!"

"मी न्हाई लावत," सुधारानी म्हणाली आणि वळली. "मामा, तुमी लावा. आपल्या लिंगायतांत देव गळ्यात असतोय, सोता पूजा करायची असती. मधी दलाल कामून ठेवलाव?"

शंकरप्पांचा हात नकळत गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला. बसचा ड्रायव्हरसुद्धा तंबाखू मळायचा थांबला. महाराज म्हणाले, "शंकरप्पा, सात पिढ्या..." पण पुढचे कुणी ऐकलेच नाही, कारण शंकरप्पा चालू लागले होते. चाळीस वर्षांत त्यांच्यावर कुणी मापाचा संशय घेतला नव्हता, आणि आज ते स्वतः वाकड्या मापाला उभे आहेत हा विचार त्यांना कोपापेक्षा जड गेला. ते खाली वाकले आणि दोन्ही प्लग खस्सकन उपटले.

ज्योत विझली.

आभाळ कोसळले नाही. एक बकरी ओरडली, पण ती आधीपासूनच ओरडत होती.

"लावा आता. मोजा!" सुधारानी म्हणाली.

"एक! ओंदु! दोन! एरडु!" चार झाले. नवव्या अवताराचा पडदा काळाच. दहा. वीस. चाळिसाला त्यावर एक चक्र गरगरू लागले. "तेज फिरायलंय!" नागनाथ टपावरून ओरडला, पण त्याचा आवाज आता भाविक राहिला नव्हता. शंभर झाले. गुरुबाईने पानाचा डबा उघडला. एकशे चाळीसला ते भगवे चित्र उघडले, आणि सुधारानीचे मशीन दीडशेला.

"दहा आकड्यांचा फरक!" गर्दीत कल्लोळ उठला. "फकस्त दहाचा!"

"आन् तोबी कशाचा ते बघू," सुधारानी म्हणाली. तिने कळफलकावरच्या अक्षता झटकल्या आणि दोन्ही मशीनांवर आवृत्तीचा नंबर दाखवणारी चौकट उघडली. तिच्या मशीनवर दहा. हारातल्या मशीनवरही दहा! वर फक्त ओंकाराचे चित्र चिकटवलेले.

"सख्ख्या भैनी हायेत ह्या!" गुरुबाई ओरडली. "एकीला नटवलं, एकीला रडवलं!"

मग हशा फुटला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढणारा हशा. सुधारानीने कर्णा ओढून घेतला.

"ऐका! ह्यांचं मशीन बंद केलेलं न्हवतंच. त्येला झोपवलं होतं. झोपेत पडदा काळा होतोय, पर थोडी वीज आत चालूच ऱ्हाती, सगळं काम जसंच्या तसं ध्यानात ऱ्हातंय. त्यो उजळून इझणारा दिवा म्हंजे झोपेची खूण. तुमच्यातला एक जण चप्पल घालून, पिशवी घेऊन स्टँडवरच झोपला, आन् दुसरा घरून आंघोळ करून निघाला, तर बस कुनाला लवकर घावंल? त्यात चमत्कार कसला?"

"मग तुझं दीडशे कामून?" नागनाथने खाली उतरत विचारले.

"माझी चूक. सात वर्षांत मी त्याच्यात नको नको ते भरलं. चालू झालं की चौदा कामं आपोआप सुरू व्हायलीत. आन् आत धूळ." तिने तिथेच त्यातली बारा कामे बंद केली, मग प्लग काढून डबा उघडला. शंकरप्पांनी न सांगता उपरण्याने धूळ पुसली. प्लग लावून मशीन पुन्हा चालू केले. गर्दी मोजत होती, महाराजांच्या मशीनसाठी मोजले होते त्याहून मोठ्याने. पासष्टला पडदा उजळला! लोकांनी अशा शिट्ट्या मारल्या की स्टँडवरचे कावळे उडाले.

"पर नऊ कुठं गेली?" एका म्हाताऱ्याने चिकाटीने विचारले.

"कुठं जाईल? कंपनीनं नाव ठेवताना एक आकडा गाळला. आपला माल, आपलं नाव. नऊ कधी झालीच न्हाई, तर हिमालयात काय बसंल?"

एवढ्यात टेम्पोचा आवाज आला. महाराज कफनी सावरत आत चढत होते. पण बाहेर भालकीची बस आडवी उभी होती, आणि तिचा ड्रायव्हर चावी खिशात घालून पहिल्या रांगेत हसत होता. गावाने टेम्पोला गराडा घातला. "माझं हाय! त्यो भस्माचा उजवीकडचा!" आठही कॉम्प्युटर लोकांच्या डोक्यांवरून घरी निघाले. महाराजांच्या पिशवीत गोदावरीला वाहायच्या फुलांऐवजी स्क्रू काढायची हत्यारे सापडली आणि याआधीच्या दोन गावांतल्या कॉम्प्युटरांतून विकायला काढलेले सुटे भाग. धक्काबुक्कीत कानातला एक इयरफोन पडला. नागनाथने तो कानाला लावला आणि सगळ्यांना सांगितले, "देव म्हणायलाय, चार बाद एकशे वीस!" पोलीस येईपर्यंत महाराज मांडवातच बसले होते, आणि गुरुबाई त्यांना हिमालयातली रेंज विचारत होती.

पुढच्या रविवारी 'सुधा ऑनलाइन'मध्ये खरी शर्यत झाली. तेच एक मशीन, त्यावर आधी दहा, मग दहानंतर आलेली अकरा. तोच दाखल्याचा फॉर्म, तोच प्रिंटर, प्रत्येक काम तीनदा मोजून. चालू व्हायला अकराला थोडा जास्त वेळ लागला, फॉर्म उघडायला दोघींना सारखाच, कारण तिथे सगळा भार नेटवर होता. मशीनची ताकद कमी म्हणून अकरा जरा अवघडल्यासारखी वागली. "पर जुनीची सुरक्षेची डागडुजी बंद झाली की बदलावंच लागतंय," सुधारानीने सांगितले, "आन् बदलायचं ते ह्या कारणानं, कुनाच्या तेजानं न्हाई." आकडे तिने भिंतीवर लिहून ठेवले. फार चमचमीत नव्हते ते आकडे. खऱ्या उत्तराला बहुतेक वेळा हार घालण्यासारखे काही नसते, आणि म्हणूनच त्याला गर्दी कमी. पण ते उद्याही तसेच येते, तुमच्या हातून येते आणि माझ्याही हातून येते, प्लग कुणीही काढा.

शंकरप्पा हल्ली दुकानात, सुनेच्या खुर्चीमागे बसतात. जुना गज त्यांनी तिथल्या खिळ्याला टांगला आहे. परवा एक जण गुडघेदुखीचे मंतरलेले तेल घेऊन आला, दोन म्हातारे उभे केले, एकाला तेल चोळले आणि पळवून दाखवले. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात शंकरप्पा गज हातात घेऊन उठले.

"थांब बाबा," ते म्हणाले. "आधी तेल न लावता दोघांलाबी पळीव. मी मोजतो."