काकवीचा पिच्चर

मधी कुणी बोलायचं न्हाय हां. बोललात की माझं तुटतं, मग पहिल्यापासनं सांगावं लागतं. तुम्हाला समद्यांना हेच पायजे ना, की अयोध्या औरंगाबादला परत गेली कशी? ज्ञानोबामामा तर एवढं न्हाय म्हणून बसले होते! ऐका मग. मी होते ना तिथं, हाताला अजून रंग हाय बगा.

अयोध्या माझी मामेबहीण, ते तुम्हाला म्हाईतच हाय. औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात हाय, दोन वर्षं झाली, एक ऱ्हायलं. आन् मामा कारखान्यात, साखर शिजवायच्या पॅनवर. औंदा पाऊस न्हाय, ऊस उभ्या उभ्या वाळला, वाळलेला जनावरांनी खाल्ला, कारखाना संक्रांतीलाच बंद. म्हणून मामा घरी. आन् पॅनवरचा माणूस घरी बसला म्हंजे काय होतं ते बनामामीला इचारा. चुलीत लाकूड कसं सारायचं तेबी तिला सांगायचे!

त्यात अयोध्या सुट्टीला आली. मामांनी एक दिवस तिला समोर बसवलं आन् म्हणले, "तू तिथं शिकतीस तरी काय? मला एकदा नीट सांग."

आता तिनं गेल्या साली काय केलं होतं, तुम्हाला सांगितलंच असंल मी. गाळप चालू असताना चिमणीची काजळी पडती ना गावावर, काळी काळी, भुरूभुरू? तर हिनं मामांचं पांढरं धोतर अंगणात अंथरलं, त्याच्यावर तांब्या, विळा, मामीच्या दोन बांगड्या, माझी चप्पल, असलं कायबाय ठिवलं आन् चार दिवस तसंच ऱ्हाऊ दिलं. उचललं तर काय गं! समदं धोतर काळं, आन् तांब्याचा तांब्या, विळ्याचा विळा, बांगड्या गोल गोल, पांढऱ्या. कॉलेजात त्याला पहिलं बक्षीस!

"अण्णा, ते चित्र होतं," अयोध्या म्हणली.

"चित्र?" मामा म्हणले. "ते माझं धोतर होतं."

आमी दोघी तोंडात पदर कोंबून बसलो. पण मामा हसले न्हाईत. म्हणले, "बालवाडीवर बाईची जागा रिकामी हाय. सरपंच मला दोनदा बोलला. आता तू असं कर. म्होरल्या बुधवारी कारखान्याच्या साखरेच्या गोदामात सभासदांचा मेळावा हाय. तिथं समद्यांसमोर दाखव काय करतीस ते. मला कळलं, तर जा. मला न्हाय कळलं, तर मी चार लोकांला काय म्हणून सांगू, लेक काय शिकती? मग बालवाडीत बसायचं."

झालं. एका बुधवारावर सगळं येऊन लटकलं.

आन् हिला करायचा काय होता, तर पिच्चर. तेबी कॅमेऱ्याबिगर! मी म्हणलं, "अगं, बिन बैलाची गाडी व्हय ही?" तर म्हणली, "मुक्ते, पिच्चर म्हंजे काय, पट्टीवर बारकी बारकी चित्रं, मागनं उजेड. चित्रं कॅमेऱ्यानंच काढली पायजेत असं कुणी सांगितलं? मी हातानं काढते."

गुंडाप्पा म्हाईत हाय ना, उमरग्याकडचा, कारखान्याचं सिनेमाचं मशीन चालवतो तो? मेळाव्याला खताचे, बियाण्याचे पिच्चर दाखवतो बगा. त्याच्याकडनं तिनं एक फाटकं, टाकून दिलेलं रीळ आणलं. ऊस लागणीचं. गावानं इतक्यांदा बघितलेलं की पोरं साहेबाच्या आधी साहेबाचं बोलणं बोलायची. ते रीळ आमी सोड्याच्या पाण्यात घातलं.

मामी कडाडली, "प्यायला थेंब न्हाय आन् ह्या भवान्या पिच्चर धुवायल्या!"

"मामी, भांडी धुतलेलं पाणी हाय गं," म्या म्हणलं.

"ते मी भोपळ्याला घालते!"

मग भोपळ्याचं अर्धं, पिच्चरचं अर्धं असं ठरलं. पण काय मज्जा आली गं! पट्टीवरनं चित्रं सुटायला लागली. ऊस, ट्रॅक्टर, टोपीवाला साहेब, समदे पातेल्यात गाळ होऊन बसले. पट्टी निघाली निस्ती काचंसारखी.

आता रंग. बाजारातनं कपडे रंगवायच्या पुड्या आणल्या, लाल, निळी, पिवळी. लावला तर पट्टीवरनं पाणी पळतंय, थेंब थेंब होऊन. डिंक घातला. डिंकानं धरला, पण पट्टी जरा वाकवली की कटकन तडकून खाली. अयोध्या डोकं धरून बसली. मग एकदम उठली आन् फडताळातनं काकवीची बाटली काढली. अगं, आपण उसाच्या पट्ट्यातल्या, आपल्याला चिकट म्हणलं की दुसरं सुचणार काय? काकवी कमी होती म्हणून साखर टाकून पाक केला, त्यात रंग कालवला. बसला गं रंग! वाकवा, गुंडाळा, हलंना!

मग काय, रोज सकाळी आमी दोघी ओट्यावर. नखाएवढं एकेक चित्र. बाभळीच्या काट्यानं काढायची ती. पाण्याचा टँकर येतो, बाया पळत्यात, कळशीमागं कळशी. एका चित्रात पाय म्होरं, दुसऱ्यात जरा अजून म्होरं. मी रंग भरत होते. एकदा एका बाईला म्या दोन डोकी काढली, तरी ती रागावली न्हाय. म्हणली, "ऱ्हाऊ दे, घाईत हाय ती."

मंगळवारी संपलं. मामीच्या पापडाच्या दोरीवर पट्टी लांबच्या लांब वाळत घातली. बुधवारी सकाळी गुंडाळायची आन् दुपारी गोदाम.

आन् बुधवारी सकाळी टँकर आला. खरा टँकर गं, चित्रातला न्हाय! हॉर्न वाजला की आपलं काय होतं म्हाईत हाय ना. अयोध्या घागर घेऊन, मी बादली घेऊन, मामी दोन हंडे घेऊन, मामासुद्धा! घरात कुणी न्हाय. भांडत भांडत भरून आलो आन् बघतो तर दोरी काळी. दोरी बी काळी, पट्टी बी काळी, आन् समदं हलतंय.

मुंग्या!

ह्या दुष्काळात मुंग्यांना तरी कुठं काय मिळतंय? अख्ख्या गावच्या मुंग्या आल्या असतील. म्या बादली तिथंच सोडली, निम्मं पाणी सांडलं, तरी मामी ओरडली न्हाय, म्हंजे बगा. आमी लिंबाच्या डहाळीनं झाडलं, फुंकलं, पण टँकर निम्मा खाल्लेला, बायांचे पळणारे पाय गेलेले, कळश्या कुठं हायत, कुठं न्हाईत.

अयोध्या खाली बसली. रडली न्हाय. निस्तं म्हणली, "बालवाडीत गाणी कुठली शिकवत्यात गं?"

म्या म्हणलं, "पुढच्या मेळाव्याला दाखवू."

"अण्णा थांबणार न्हाईत. जागा थांबणार न्हाय."

तेवढ्यात वाऱ्यानं पट्टीचं टोक हललं आन् तिच्या तोंडासमोर आलं. तिनं ते धरलं. उन्हाकडं करून बघायला लागली. लई वेळ बघितलं. मग थोडं म्होरलं बघितलं. तोंड उघडंच. म्या इचारलं, "काय गं?" तर म्हणती, "मुक्ते, ह्यांनी माझ्यापेक्षा बरं काढलंय." आन् सरळ गुंडाळायला लागली. मला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

गोदामात गुंडाप्पानं रीळ हातात घेतलं, बोट लावलं, बोट चाटलं.

"अक्का! ह्ये तर गोड हाय! माझ्या मशीनला पेढे चारतीस व्हय?"

"गुंडाप्पाकाका, चिकट ऱ्हायलंय का तेवढं बगा," अयोध्या म्हणली. "मुंग्यांनी चाटून साफ केलंय."

त्यानं पट्टी दोन बोटांतनं ओढून बघितली. सर्रकन निघाली. "मशीन अडकलं तर मी पळून जाणार उमरग्याला," म्हणला, आन् लावलं.

तुम्ही दुपारी गोदामात कधी गेलाय का? दारं लावली की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत न्हाय. औंदा पोती न्हाईत, निस्तं रिकामं, पण वास साखरेचाच. माणसं गच्च बसलेली. आधी पाणी वाचवायचा पिच्चर झाला. मग गुंडाप्पा ओरडला, "आता आपल्या ज्ञानोबांच्या लेकीचा पिच्चर!" टाळ्या पडल्या. हरिबाआबा, मेंढरंवाले, पुढंच बसलेले, म्हणले, "देवाचा हाय का मारामारीचा?"

आन् लागला. आवाज न्हाय, गाणं न्हाय, मशीनची तेवढी टरटर. पांढरा पडदा, आन् त्याच्यावर मुंग्यांनी चाटून ठिवलेल्या रेघा. लाल, निळ्या, वळत्यात, फाटे फुटत्यात, पळत्यात. मधीच अर्धा टँकर येतो आन् जातो. दोन डोक्यांची बाई दिसली, पोरं खिदळली. माणसं बोलायला लागली.

"मशीन बिघडलं का रे?"

"पडद्याला मुंग्या लागल्या!"

"गप रे, ह्या वाटा हायत," हरिबाआबा म्हणले. "माळावरनं खाली बघितलं की माझ्या मेंढरांच्या वाटा अशाच दिसत्यात. ती बग, ती तळ्याकडं चालली."

"आबा, तळ्यात पाणी कुठाय?"

"वाट तर हाय ना!"

मी मामांकडं बघत होते. अंधारात तोंड दिसंना. अयोध्याचा हात माझ्या हातात.

आन् मग रेघा विरळ झाल्या आन् ते आलं. कुठं कुठं मुंग्यांनी पाक ठिवला होता ना, तो वाळून त्याचे खडे झालेले. पट्टीवर सुईच्या टोकाएवढे. पडद्यावर जात्याएवढे! कोनाचे, आरपार, कडंला निळी झाक, चमकायले, एक जातो, दोन येत्यात, मग समदा पडदा भरला. कुणी हसंना. आन् मामा उठले. सरळ पडद्याकडं चालले. त्यांची सावली पडली.

"ज्ञानोबा, खाली बसा!" मागनं ओरडा झाला.

"गुंडाप्पा, थांबव!" मामा म्हणले.

अयोध्यानं डोळे मिटले.

"थांबवलं की दिव्यानं पट्टी जळती हो!"

"मग परत लाव! पहिल्यापासनं लाव!"

परत लावलं. आन् मामा पडद्याशेजारी उभे ऱ्हायले आन् हात करून बोलायला लागले. आयुष्यात चार माणसांत न्हाय बोललेला माणूस गं! म्हणले, "ह्यो दाणा हाय. पॅनवर साखर शिजती तवा आमी काचंच्या तुकड्यावर थेंब घेतो आन् बल्बसमोर धरतो. दाणा धरला का न्हाय, बारीक हाय का मोठा, ते तिथं दिसतं. एक डोळा मिटून बघायचं. एवढ्या वर्षांत मी एकटाच बघतोय. घरी सांगू काय आन् कसं?" मग बायांकडं तोंड करून म्हणले, "अगं ए, बगायलीस का? ह्ये असतंय माझ्या कामावर."

मामी उठूनच उभी ऱ्हायली. "एवढं चांगलं दिसतंय व्हय?" म्हणली. "मला वाटलं, तुम्ही निस्तं घाम गाळता."

हरिबाआबा म्हणले, "म्हंजे कारखाना चालू झाला म्हणायचा की!" आन् अख्खं गोदाम हसलं. गुंडाप्पाला तिसऱ्यांदा लावायला लावलं. तवर पोरांनी पडद्यावरच्या कळश्या मोजायला सुरुवात केली, त्यावरनं भांडणं झाली.

पण मामांनी अयोध्याला कायबी म्हणलं न्हाय. चांगलं न्हाय, वाईट न्हाय. घरी निघालो तर ते म्होरं, आमी तिघी मागं. अयोध्या तर इचारायला बी भ्यायली होती. वढ्याजवळ आलो तवा मामा चालता चालता म्हणले, "पाक किती तारी केला होतास?"

"एक तारी, अण्णा."

"तरीच मुंग्या लागल्या. कच्चा पाक. दोन तारी करायचा, दाणा एकसारखा पडंल. तिथं करताना आच कमी ठिव."

मामी थांबली. "तिथं म्हंजे कुठं?"

"कुठं म्हंजे? औरंगाबादला. आन् कुठं करणार ती?"

माझी तर किंकाळीच निघाली गं! मामी म्हणली, "ओरडू नकोस, लोक बगत्यात," आन् स्वतःच पदरानं डोळे पुसायली. आन् अयोध्या? तुम्हाला वाटंल, ती बापाच्या पाया पडली असंल. न्हाय! म्हणती कशी, "पण अण्णा, दोन तारी केला तर मुंग्या येणार न्हाईत. मला मुंग्या बी पायजेत."

मामा उभेच ऱ्हायले. टोपी काढली, डोकं खाजवलं, लई इचार केला. मग म्हणले, "मग अर्धी पट्टी एक तारी कर, अर्धी दोन तारी. आन् थोडा गूळ टाकून बग. गुळाला मोठ्या मुंग्या येत्यात."