सारखी दोन घरं

मी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. निवृत्त झाले तरी देवळाली प्रवरेतली माणसं मला सोडत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय करायचं, यावरून भावाभावांत जुंपली की मला बोलावणं येतं. मलाही दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू.

परवा सुनीलनं बोलावलं. उसाच्या मळ्यात त्याचं आणि धाकट्या अजिनाथचं घर, मधे एकच भिंत. त्यांची आई मालनबाई, वय ऐंशीच्या पुढं. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत एका मुलाकडे, मग महिनाभर दुसऱ्याकडे, असं चार वर्षं चाललं होतं. आता सुनील म्हणत होता, आईला नगरच्या वृद्धाश्रमात ठेवू.

"ठेवून बघ," अजिनाथ म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई."

"आता तरी कुठं ऱ्हायलीय? माझा सासरा समोर बसलेला, आन् हिनं देवासमोर लघवी केली. तिचं डोकं कामातून गेलंय."

मालनबाई तिथंच खाटेवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. मला सुनीलचा इतका राग आला की पिशवी उचलून निघावंसं वाटलं. पण रागावून निघून जाणाऱ्यांची त्या घरात आधीच कमतरता नव्हती, म्हणून बसले. डॉक्टरांचे कागद पाहिले. वयाचा थोडा विसर, बाकी सगळं ठीक होतं.

"असं रोज होतं का गं?" मी सुनीलच्या बायकोला, मोनिकाला विचारलं.

"न्हाई सिस्टर. महिना बदलला की चार-आठ दिस. मंग नीट ऱ्हात्यात."

"आमच्याकडं बी तसंच," अजिनाथची बायको पूजा म्हणाली. "पयले चार दिस सारख्या सैपाकघरात घुसत्यात."

मी उठले आणि दोन्ही घरं फिरून आले. बांधताना भावांनी विटेचाही फरक नको म्हणून एकच गवंडी आणि एकच नकाशा धरला होता. मधली भिंत सामाईक, त्यामुळे एक घर दुसऱ्याच्या बरोबर उलट झालेलं. खाटेवरून उठलं की अजिनाथकडे संडास उजव्या हाताला. सुनीलकडे उजव्या हाताला स्वयंपाकघर, आणि त्यातच देव.

"डोकं तिचं नाही, तुमचं गेलंय," मी म्हणाले. "बिचारी महिनाभरात एक घर शिकते आणि तुम्ही तिला उचलून दुसऱ्यात टाकता. माझीही तीच गत झाली असती. आश्रम राहू द्या. आई एकाच घरात राहील. दुसऱ्यानं तिथं जाऊन तिचं करायचं. अंघोळ, औषधं, दवाखाना, सगळं."

दोघांनाही पटलं. मग प्रश्न आला, कुणाच्या घरी?

"माझ्याकडं," अजिनाथ लगेच म्हणाला. सुनील खाली बघत होता. खरं सांगायचं तर मीही मनात अजिनाथचंच घर धरलं होतं. जो आईला बाहेर काढायला निघाला, त्याच्या दारात तिला कोण ठेवणार? तरी विचारायचं म्हणून विचारलं, "मालनबाई, तुम्हाला कुठं राहायचंय?"

"सुनीलकडं."

अजिनाथचा चेहरा उतरला. "आये, माझं काय चुकलं?"

"तुझं काय बी न्हाई. तू हितं दिसातनं चारदा येशील. ह्यो तिकडं न्हाई यायचा. ह्याला लाज वाटली का ह्यो तोंड चुकवितो, ल्हानपनापासून. म्या तुझ्याकडं गेले, तर ह्यो मला मेल्यावरच बघंल."

सुनील आईच्या पायाशी फरशीवर बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मालनबाईंनी त्याला गप्प केलं नाही, रडू दिलं. मला फार बरं वाटलं, आणि आपण चुकीचं घर धरलं होतं याची थोडी शरमही वाटली.

त्याचं रडून झाल्यावर मालनबाईंनी त्याच्याकडेच प्यायला पाणी मागितलं. सुनेला हाक न मारता तो स्वतः उठला आणि तांब्या भरून घेऊन आला.