निवळलेलं पाणी

नयन मॅडमनी बाटली उन्हात धरली, फिरवली, पुन्हा धरली. बाटलीतून पलीकडचा साग लख्ख दिसत होता.

"रामीबाई, नाला गढूळ वाहतोय आणि हे पाणी इतकं नितळ कसं?"

रामीबाईला धन्य वाटलं. आषाढापासून ती या जंगलातल्या नाल्याचं पाणी तपासणीसाठी मजुरीवर बाटल्यांत भरून देत होती. यवतमाळहून जीप यायची, ड्रायव्हर बाटल्या उचलून चालता व्हायचा. बरं केलंस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. आज खुद्द मॅडम आल्या आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"तुरटी फिरवतो न मी, म्याडम! घागरीत पानी घेतो, तुरटी फिरवतो. गाळ खाली बसला का वरचं वरचं भरतो."

"दर वेळी?"

"पयल्या खेपेले तसंच देल्लं होतं. तुमचा ड्रायव्हर म्हने, हे काय गटाराचं पानी? लाजच वाटली मले. आमच्या तांड्यात पाव्हन्याले गढूळ पानी देत नाईत."

मॅडम मटकन दगडावर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात समजावू लागल्या. पानं कुजतात, त्यांचं सत्त्व पाण्यात उतरतं. त्यातलं फॉस्फरस बरंचसं सुटं वाहत नाही. मातीचे, लोहाचे, कुजलेल्या पानांचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात, त्यांना चिकटून ते खालच्या शेतांपर्यंत जातं. तेच मोजायचं होतं. तुरटीनं ते कण एकमेकांना चिकटले आणि सगळे घागरीच्या तळाशी बसले.

"गाळातच सगळं होतं, रामीबाई. आमच्या मशीनला काही सापडेना, म्हणून मी आले."

"अन् तो गाळ म्या फेकून देल्ला." रामीबाईनं घागरीत डोकावून पाहिलं. "मंग हे आंधी काहून नाई सांगतलं? सांगतलं असतं तं म्या कायले तुरटी फिरवली असती?"

मॅडमनी बाटली खाली ठेवली. बाटली बुडवायची, झाकण लावायचं, यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं होतं. शिकलेल्या माणसाला वाटतं तसं!

"माझं संशोधनाचं अख्खं वर्ष वाया गेलं," त्या म्हणाल्या. "आमचे सर आता इथं यंत्र बसवणार आहेत. ते आपोआप पाणी भरेल."

"मंग मी?"

"माझ्या हातात काही नाही हो."

जीप गेली. तुमचं वर्ष गेलं बाई, पण तुम्हाला दुसरं मिळेल, असं रामीबाईच्या ओठांवर आलं होतं. ते बोलून काय उपयोग होता! रिकामी घागर काखेत मारून ती तांड्याकडे निघाली. वाटेत तिला स्वतःचीच चीड आली. कुणी सांगितलं होतं इतकं चांगुलपण करायला?

या कामाच्या भरवशावर तिनं औंदा ऊसतोडीला नाही म्हटलं होतं. नवरा भावसिंग दम्यानं खाटेला लागलेला. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं. नवऱ्याच्या जागी उभं राहायला घरात एकच होतं: लेक रंजिता. ती बारावीला होती. "मी हाओ तोवर तू फडात जात नाईस," असं रामीबाईनं तिला सांगितलं होतं. देवीसमोर सांगितलं होतं.

मुकादम शंकरसिंगच्या दारात ट्रक लागला होता. दिवाळी तोंडावर आलेली, पहाटे टोळी निघणार होती.

"भावजी, मी येतो," रामीबाई म्हणाली.

शंकरसिंगनं तिच्याकडे पाहिलं. "नाई म्हनत होती न तू? बरं, जोडीले कोन?"

दुसरी कुणी बाई, कुणी म्हातारा, कुणीही. एकही नाव सुचेना.

"मी," मागून आवाज आला.

रंजिता केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. अंगावर अजून कॉलेजचाच ड्रेस होता. शंकरसिंगनं मान हलवली.

रामीबाई खाली मान घालून उभी राहिली. आता पोरगी रडेल, भांडेल, निदान आईला "याडी, तुझ्यापायी झालं हे" तरी म्हणेल, याची ती वाट पाहत होती. म्हणाली असती तर थोडं हलकं वाटलं असतं. रंजिता तिच्या बाजूनं पुढे गेली. ट्रकजवळ कोयत्यांचा ढीग पडला होता. ती त्याच्यापाशी उकिडवी बसली आणि एकेक कोयता उचलून आपल्या हाताला बेताची मूठ शोधू लागली.