पैलतीरावर कुणीच राहत नाही

तुम्ही नदीच्या या अंगाला कशाला याल म्हणा. पण चुकून आलातच, तर उतारावर एका लाकडी खांबाला टांगलेली पितळी घंटा दिसेल. ती मीच बोलतेय.

मला ओतलं समोरच्या गावातल्या ओताऱ्यानं. पितळ कमी पडलं, तेव्हा दोन्ही तीरांवरच्या घरांनी मोडकी भांडी आणून दिली. कुणाचं भोक पडलेलं पातेलं, कुणाच्या दाराची कडी. त्यामुळे घरोघरचा थोडा अंश माझ्यात आहे, आणि घरोघरची थोडी खबरही. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. घंटेनं कान मिटायचे तरी कसे?

आधी आमचा मुलूख समजून घ्या. नदी उत्तरेकडून सरळ येते आणि इथे कोपरासारखी वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उंच दरड. तिच्यावर गाव वसलंय. बाजार, शाळा, दवाखाना, कचेरी, सगळं तिकडेच. आतल्या अंगाला आम्ही. सखल, गाळाची जमीन आणि मागे वेताचं बन. नदी चढली की पाणी आधी आमच्या उंबऱ्याला लागायचं आणि गाववाले वरून बघत राहायचे. पण गाळ चांगला, म्हणून इथे वीटभट्ट्या होत्या आणि भट्टीवाल्यांची भरलेली वस्ती होती.

माझं काम एकच. पलीकडे जायचं असेल त्यानं मला वाजवायचं; नावाडी समोरून होडी घेऊन येणार. एक टोल म्हणजे माणूस, दोन म्हणजे ओझं, न थांबता वाजत राहिले म्हणजे कुणीतरी आजारी. मी हात ओळखायची. भट्टीचा मुकादम दोरीला असा हिसका द्यायचा, जणू नदी त्याच्या घरी पाणी भरते. सासरी निघालेल्या मुली इतक्या हळू ओढायच्या की नावाड्याला ऐकूच जाऊ नये.

मग खालच्या अंगाला पूल झाला. भट्ट्या पुलाजवळ गेल्या, भट्ट्यांमागे माणसं गेली. जाताना प्रत्येक जण म्हणायचा, "येऊ हं अधूनमधून." कोण कशाला येतंय.

राहिली एकटी बुट्टीवाली काकू. वेताच्या बुट्ट्या विणायची, म्हणून हे नाव. नवरा भट्टीवर काम करता करताच वारला. मुलगा गावात शिंपी. दुकानामागे दोन खोल्या, बायको, दोन पोरं. तो किती वेळा म्हणाला, "आई, चल आमच्याकडे." ती म्हणायची, "तुझ्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. भिंत बघत बसायला मी काय कैदी आहे?" रोज दिवेलागणीला ती एक टोल द्यायची. जायचं कुठेच नसायचं. आहे, एवढंच कळवायचं. नावाडी समोरून वल्हं उंच करायचा. झालं बोलणं.

मग माणसं मोजायचं वर्ष आलं. कचेरीचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. पैलतीरावर एक जरी माणूस राहत असेल तर होडी चालू, नाहीतर बंद. नावाड्याला ठाऊक होता, काकूलाही.

मोजणीला शाळेतल्या बाई आल्या. उतरताना चिखलात चप्पल रुतली, म्हणून माझ्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. काकू तिथेच वेत भिजवत बसली होती.

"काकू, एक घोटाळा झालाय. तुमच्या मुलाला विचारलं, घरात कोण कोण? तो म्हणाला, आम्ही चौघं आणि आई. मी लिहूनही टाकलं. आता हे नावाडी म्हणतात, तुम्ही इथे राहता."

"सून काय म्हणाली?"

"काही नाही. मशीनवरून मानच वर केली नाही."

शिंपी असं का बोलला असेल, ते मला सांगायला नको. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली. 'आई पलीकडे एकटी राहते' हे चारचौघांत त्याच्या तोंडून निघेना. आमच्या गावाची ही खोडच आहे. म्हातारं माणूस कुठेही असो, विचारलं की 'आमच्यातच असतात' म्हणायचं. त्यात लाज किती आणि माया किती, ते बोलणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

"दोन ठिकाणी लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या. "तिथलं खोडते. फक्त त्याला परत विचारावं लागेल, असं का सांगितलं म्हणून."

काकूनं वेताची जुडी पाण्यात दाबून धरली. होडीतून नावाडी म्हणाला, "काकू, जरा विचार करून बोला."

"पोरगं सांगतंय तेच राहू द्या," काकू म्हणाली. "मी इथे वेत तोडायला येते."

"आणि हे वाळत घातलेले कपडे?"

"ओले होतात हो, वेत तोडताना."

बाईंना कळलं असावं. मग त्यांनी पैलतीरापुढे शून्य लिहिलं.

बाईंना सोडून नावाडी परत आला. "एका वाक्यात माझी होडी बुडवलीत, काकू."

"ठाऊक आहे मला. शिव्या दे हवं तर. पण ज्याला पोटात वागवलं, त्याला गावासमोर खोटं पाडू?"

नावाड्यानं शिव्या दिल्या नाहीत. होडीतलं पाणी उपसत बसला.

होडीच्या शेवटच्या दिवशी शिंपी आईला न्यायला आला. चेहरा उतरलेला.

"आई, मी कचेरीत जाऊन खरं सांगतो. चूक माझी आहे."

"आता सांगशील तर मी खोटी ठरेन. ते चालेल?"

तो माझ्या खांबाशी बसला.

"ऊठ," काकू म्हणाली. "लिहिताना मला घरात घेतलंस ना, आता खरंच घे. कोपऱ्यात पडून राहणार नाही मी. वेत पसरायला अंगण लागतं."

"अंगण नाही गं आई."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं.

होडी आमच्याच काठाला उभी होती, त्यामुळे मला वाजवायची गरज नव्हती. कुणी वाजवलंही नाही.

आता माझं पितळ हिरवं पडलंय, दोरी कुजून गळून गेली. पूर आला की पाणी गळ्यापर्यंत येतं. माझी तक्रार नाही. विनवणी मात्र आहे. तुमच्या दारात कुणी माणसं मोजायला आलं, तर म्हातारं माणूस जिथे बसलंय तिथेच बसलंय म्हणून सांगा. गिऱ्हाइकं ऐकत असली तरी सांगा.

समोर धुणं धुणाऱ्या बायका मोठ्यानं बोलतात; पाण्यावरून सगळं ऐकू येतं. काकू दुकानाच्या पायरीवर बसते म्हणे, गुंड्या लावून देते. कुणी विचारलं, "काकू, हल्ली कुठे असता?" तर म्हणते, "मुलाकडे."

आता ते खरं आहे.