दार पहिल्यांदा कधी लावलं

गणेशगुडीला नदीवर राफ्टिंगच्या बोटीत माझ्या एका आरोळीला आठ-आठ माणसं वल्ही मारतात. बेंगळुरूचे मोठमोठे सायेब "धाकलू अण्णा, बुडणार न्हाई ना?" म्हणून माझ्या तोंडाकडं बघत बसतात. आणि घरात बायको केशर आणि आठ वर्सांची पोरगी राखी, दोघींनी माझ्या तोंडाकडं बघायचं सोडलं. का, तर मी दार लावतो.

केशरला यायला उशीर झाला की मी आतनं कडी घालतो. बाजार असू दे, न्हाईतर तिच्या भणीचं घर. दोनच्या बसनं येते म्हणून सांगून पाचच्या बसनं आली, की ती भाईर आणि मी आत. तास, दोन तास. मारलं न्हाई कधी, शिवी दिली न्हाई. पण केशर म्हणायची, "मारलं असतंत तर बरं हुतं. निदान तुमी कुठं हाय ते तरी कळलं असतं."

शिमग्याला तिनं सांगून टाकलं, "आता एक डाव जरी दार लावलंत, तर राखीला घेऊन खानापूरला म्हायेरी जाणार. कायमची."

मी आधी देवाला कौल लावला. उजवं फूल पडलं तर चूक तिची, डावं पडलं तर माझी. दोन्ही एकदम पडली. गुरव म्हटला, "फॅन चालू हुता, पुन्हा लावू." मी म्हटलं ऱ्हाऊ दे.

मग केशर मला रामनगरला दर शुक्रवारी येणाऱ्या सुनयना मॅडमकडं घेऊन गेली. ह्या मॅडम गोळ्या देत न्हाईत, नुसतं बोलतात, आणि बोलतात त्याबी कमीच. मला वाटलं, ही तरी कौल देईल. कसलं काय! तीन म्हैने मी विचारतोय चूक कुणाची, आणि त्या म्हणायच्या, "धाकलू, हे विचारताना आत्ता तुम्हाला काय होतंय?" काय हुणार? डोकं फिरत हुतं, दुसरं काय!

एक दिवशी म्हणाल्या, "तुम्ही दार पहिल्यांदा कधी लावलं?" मी म्हटलं, मॅडम, दाराचं सुताराला विचारा. केशर हसली न्हाई. मॅडमनी तोच सवाल पुन्हा केला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत हुतो, आणि तोंडातनं आपसूक आलं, "गुंद गावाला. मामाच्या घरी."

सात वर्सांचा हुतो. बाप वारला, आणि आय गोव्याला काजूच्या कारखान्यात कामाला निघाली. मला मामाकडं सोडलं. "दोन दिसांनी येते" म्हटली. मी बसथांब्याच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो. दोनची बस, मग पाचची. तीन वर्सं. मग एकदा खरंच आली, हातात नवा शर्ट घेऊन. मी तिला लांबनं बघितलं, घरात पळालो आणि कडी घातली. ती भाईरनं रडत हुती, "धाकल्या, उघड रे." मला लई बरं वाटत हुतं. आणि लई भ्या वाटत हुतं, की आता ही परत जाईल. शेवटी मामानं मागल्या दारानं येऊन उघडलं.

सांगता सांगता मी रडलो. केशरच्या म्होरं, पयल्यांदा. तिनं माझा हात धरला. मॅडम हळूच म्हणाल्या, "दाराबाहेर केशर असते. पण कडी तुम्ही अजून आईलाच घालताय, असं वाटतं का?" मी मान हलवली.

आमच्याकडं भगतानं भुताचं नाव सांगितलं की भूत उतरतं. मला वाटलं, सापडलं, सुटलो! येताना केशरला भजी खाऊ घातली. मॅडम म्हणत हुत्या, "ही सुरुवात आहे, वेळ लागेल." कोण ऐकतंय!

गेल्या आठवड्यात केशरच्या भणीकडं बारसं हुतं. दोनची बस आली, ह्या दोघी न्हाईत. पाचला दार वाजलं. "बाबा, उघडा की, मला तहान लागली." कडी घातलेली हुती. मीच घातलेली. मला सगळं ठाऊक हुतं हो! भाईर आय न्हाई, केशर हाय, ठाऊक हुतं. आपण असं का करतोय, तेबी ठाऊक हुतं. कडी बोटांना लागत हुती आणि हात उठत न्हवता. स्वतःच्या हातापुढं माणूस इतका लाचार असतो का? दाराला कपाळ लावून मी हुबा ऱ्हायलो. उघडलं तवा दोघी शेजारी अनुसयाकाकूकडं निघून गेल्या हुत्या.

शुक्रवारी मॅडमसमोर केशर म्हटली, "मी चालले." मी मॅडमवरच ओरडलो, "सांगा की हिला! सहा म्हैने मग काय केलंत?"

"मी तिला थांबवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "राग यायच्या आधी तुम्हाला काय होतं, ते तिला सांगता येईल?"

न्हाई आलं सांगता.

आज थांब्यावर दोघींना सोडायला गेलो. दोनची बस वळणावर दिसली, तवा कुठं तोंड फुटलं. "केशर, मला भ्या वाटतंय. तू येणार न्हाईस म्हणून."

तिनं पिशवी खाली ठेवली. "हे दाराआडनं म्हटलं असतंत, तरी मी पायरीवर बसून ऱ्हायले असते." मग डोळे पुसले. "येते म्हणून खोटं सांगणार न्हाई मी. यायचं न्हाई ठरलं, तर तेबी तोंडावर येऊन सांगीन. तुमी शुक्रवारी मॅडमकडं जावा."

दोघी चढल्या. राखीनं खिडकीतनं हात काढला आणि ओरडली, "बाबा, दोन दिसांनी येते हं!"

माझ्या आयचं ते बोलणं तिला कुणी सांगितलेलं न्हाई हो. कुणीच न्हाई. केशरनं पटकन तोंड फिरवलं. माझे पाय घराकडं वळले, पळत जाऊन कडी घालावी असं झालं. पण मी हात वर केला.

"ये गं," म्हटलं. "दार उघडं ठेवतो."

बस वळणाआड गेली. मी तिथंच कट्ट्यावर बसलो. पाचच्या बसला अजून तीन तास हुते.