नुन्झियाच्या हातातला लाकडी पाय

मी एक जुना लाकडी फर्मा आहे. बूट घडवताना त्याला आकार यावा म्हणून आत घालतात, तो लाकडाचा पाय. मित्रांनो, नेपल्समधल्या एका सुतारानं मला तासून गुळगुळीत केलं, तेव्हा वाटलं होतं, आपल्या अंगावर लहान मुलांचे देखणे बूट तयार होतील. झालेही. पण ते बूट बनवणारीही लहान मुलंच होती.

एगिदिओ मास्तरचा कारखाना तळघरात होता. अकरा वर्षांची नुन्झिया तिथे बुटांचे तळवे चिकटवायची. एकदा तळवा वाकडा बसला, आणि मास्तरनं हाताला लागलं ते तिच्यावर भिरकावलं. त्याच्या हाताला मी लागलो होतो. तिच्या डाव्या कानातून रक्त आलं. ती रडली नाही.

मग मी रोजच भिरकावला जाऊ लागलो. जिन्यावर पाऊल वाजलं की नुन्झियाची मान खांद्यांत जाई. ती स्वतःचे केस उपटी, मनगटाला चावे घेई.

"डोक्यानं गेलीय पोरगी," मास्तर म्हणायचा. "हात चालतायत ना, बास झालं."

पुढे आठ वर्षांची तितीना कामाला आली. दुसऱ्याच दिवशी तिच्या हातून गोंदाचा डबा सांडला. मास्तर उठायच्या आत नुन्झियानं मला उचललं आणि तितीनाच्या बोटांवर हाणलं. एकदा नाही, तीनदा. दोन बोटं मोडली.

"त्यानं मारलं असतं तर मेली असतीस," ती धापा टाकत म्हणाली.

मास्तर हसला. "शाबास. अगदी माझ्यासारखी तयार झालीस."

नुन्झिया थिजली. मग वळली आणि तिनं मला त्याच्या तोंडावर मारलं. त्याचे दात पडले. त्यानं तिला केसांना धरून जिन्यावर आपटलं, तिच्या खांद्याचं हाड मोडलं. आरडाओरडा ऐकून शेजारची पाववाली एर्सिलिया धावत आली. तिनंच दोघींना इस्पितळात नेलं आणि पोलीसही आणले. कारखान्याला टाळं लागलं.

नुन्झियानं मात्र मला सोडलं नाही. काढून घ्यायला आलेल्या नर्सला ती चावली.

"राहू दे तुझ्याजवळ," मुलांच्या मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या. बाईंनी केस सावरायला हात वर केला तरी नुन्झिया डोकं झाकून घेई. म्हणून त्या हात मांडीवर ठेवून बोलू लागल्या. सात महिन्यांनी नुन्झियानं मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"मला तितीनाला भेटायचंय."

तितीना आली. नुन्झिया बसली होती त्या बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली.

"मला वाटलं, मी मारलं तर कमी लागेल," नुन्झिया म्हणाली.

तितीनानं वाकडी बोटं पाठीमागे लपवली. "नाही लागलं कमी."

पण ती उठून गेली नाही.

मित्रांनो, एखादं मूल मारकं दिसलं तर आधी त्याला विचारा, तुला कुणी मारलं? आणि ज्याला त्यानं मारलंय, त्यानं लगेच माफ करावं असा हट्ट धरू नका. बाकावर जागा ठेवा, एवढं पुरे.