वत्सलाबाईची मूठ

वत्सलाबाई माझी मोठी जाऊ, मी तिला जिजी म्हणते. तिच्याबद्दल गावात कुणी वेडंवाकडं बोललं तर मी भांडते, हे आधीच सांगून ठेवते. तोंडाने मी फटकळ आहेच, त्यात हा विषय निघाला की विचारूच नका.

सहा वर्षांपूर्वी, श्रावणातल्या त्या सोमवारी, आम्ही सगळी भाऊबंदकी वाजतगाजत कानबाईला तापीवर घेऊन गेलो. आमच्यात देवीचा नारळ नदीत न्हाऊ घालतात आणि परत घरी आणतात. जिजीचा भटू, एकोणीस वर्षांचा, चौरंग घेऊन चार पावलं जास्त पुढे गेला. पाण्याखाली खड्डा होता. त्याला धरायला लोटनभाऊ, म्हणजे त्याचा बाप, कपड्यांनिशी धावला. दुपारी दोघंही सापडले, पण कसे ते मी सांगणार नाही.

तेराव्यानंतर जिजी देव्हाऱ्यातला कानबाईचा नारळ पदरात घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "ठेव तुन्हाकडे. माले हिन्हं तोंड दखानं नही."

तेव्हापासून कानबाई माझ्या घरी बसू लागली. जिजी तिच्या पोरीसोबत, मोहिनीसोबत, राहिली. मोहिनी नंदुरबारला नर्सिंग शिकायला गेली, तशी जिजी एकटीच राहिली. शेत बघायची, केळी लावायची, पण दिवा लावायची नाही. मी रोटाचा, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचा, घास घेऊन गेले तर दारातूनच परत पाठवायची. रोटाचं धान्य आमच्यात घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात, एका नावाला सव्वा मूठ गहू. जिजीच्या घरी आता पुरुष नव्हता. "मन्ही मूठ नही, मंग मन्हा रोट नही," ती म्हणायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि रागही यायचा. राग कुणाचा, ते तेव्हा कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ती नदीवर आली. पूजेला नाही. बैलगाडीचा जाड दोर काठावरच्या निंबाला बांधला, ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब फुगवून ठेवल्या आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली. जो पुढे सरकेल त्याच्यावर ओरडायची, "गुडघापुढे कोनी जावानं नही!" पुरुष हसले. एकाने टोमणा मारला, वहिनी, देवी बघते आहे ना सगळ्यांना! जिजी म्हणाली, "मन्हा तिन्हावर भरोसा नही. म्हनीसन मी उभी ऱ्हास."

मग कोण हसतंय!

दरवर्षी ती उभी राहिली. तीन वर्षं काही घडलं नाही. गेल्या साली मात्र पलीकडच्या गल्लीतली कालीबाई डोक्यावर चौरंग घेऊन चिखलात घसरली आणि धारेला लागली. जिजीने एका हाताने दोर धरला, दुसऱ्या हाताने तिचा दंड, आणि पन्नाशीच्या त्या बाईने तिला ओढून काठावर आणलं. मी डोळ्यांनी बघितलंय. कालीबाई पाया पडायला वाकली तर जिजीने तिलाच झापलं, "उठ, देवी नको बनाडू माले."

पण परतताना वाटेत माझा हात धरून हळूच म्हणाली, "तिले धरं ना, तवय मांगेथून मालेबी कोनी तरी धरी ठेवं व्हतं. दोरले कोनी व्हतं का?"

दोराजवळ कुणी नव्हतं. मी तसं सांगितलं.

यंदा नागपंचमीला आली आणि म्हणाली, "मन्ही कानबाई माले दे."

माझी छाती फुगली. पण भाऊबंदकीत कुजबुज सुरू झाली. पुरुष नसलेल्या घरात कानबाई? मूठ कुणाच्या नावाने टाकायची? शनिवारी माझ्याच ओसरीवर गहू मोजायला सगळे जमले. मूठ मोजायचा मान रूपचंद आबांचा. वय ब्याऐंशी, नावं सगळी तोंडपाठ. रीतीच्या बाहेर एक दाणा सरकू देणार नाहीत असे. जिजी खांबाशी बसली होती. आबांनी नाही म्हटलं तर कानबाई माझ्याच घरी राहणार होती, आणि जिजी पुन्हा कधी मागणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

आबांनी डोळे मिटले आणि जुन्या सवयीने थोरल्या घरापासून सुरुवात केली.

"लोटन," ते म्हणाले आणि मूठ टोपलीत पडली. "भटू." दुसरी पडली.

आबांनी डोळे उघडले आणि काय झालं ते त्यांना कळलं. टोपलीत पडलेलं धान्य देवीचं, ते परत काढता येत नाही. म्हातारा रडवेला झाला.

जिजी उठली. मला वाटलं, निघाली घरी. ती टोपलीजवळ आली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आबा. त्यासनी मूठ त्यासले. आते मन्ही टाका. आनि मोहिनीनी."

आबा पुटपुटले, "रीत नही शे, बेटा."

"मरेल चालतस, आनि जित्ती चालाव नही का?"

आबांनी गव्हाच्या राशीत हात घातला, मूठ काठोकाठ भरली आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वत्सला." त्यानंतर, "मोहिनी."

तेवढ्यात मीही माझं नाव पुढे केलं. संधी कोण सोडतं!

रविवारी सहा वर्षांनी जिजीच्या घरात कानबाई बसली. सुट्टी काढून आलेल्या मोहिनीने नारळाला नथ घातली. बायका एकेक करून पुढे जात होत्या, कुणी मूल मागत होतं, कुणी पोराला नोकरी. शेवटी जिजी गेली. तिने पदर पसरला नाही, काही मागितलं नाही. दोन्ही हात जोडले, नजर देवीच्या नजरेला लावली आणि मागे उभ्या असलेल्या मला ऐकू आलं, "माय, मी तुले माफ करं."

मग ती वाकली आणि तिने डोकं टेकवलं.